तीनशे तीनचा उलटा दिवा

त्यांच्यावर मी जळत असे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढच्यातलं किती खरं मानायचं ते ज्याचं त्याला ठरवता येईल. मी स्वतः साधारण अर्धं मानतो, आणि तेवढ्यातही हा माणूस माझ्यापेक्षा मोठाच निघतो, हाच तर त्रास आहे.

आमची इमारत धायरीत. चोवीस घरं. इथे कुणी कुणाला नावानं ओळखत नाही, घराच्या आकड्यानं ओळखतात. 'एकशे चारचा पाय मोडला', 'चारशे एक फार तिरसट आहे', असं. मी दोनशे तीन. तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. ते बंद केल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून इमारतीत जे जे बिघडेल ते मी बघायचं अशी पद्धत पडली होती. चोवीस घरांत माझा चहा ठरलेला. एकशे दोनचा पंखा तर मी असा दुरुस्त करून दिला होता की पहिल्याच दिवशी त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर सहा महिने पुढे गेलं. लोक जिन्यात मला बघून बाजूला होत. एक दबदबा होता.

मग माझ्या बरोब्बर डोक्यावर, तीनशे तीनमध्ये, ते राहायला आले.

पहिल्यांदा मी त्यांचे फक्त पाय पाहिले. बाकीचे ते सुक्या कचऱ्याच्या पिंपात होते. वॉचमन पिंप धरून उभा होता, पाणबुड्याची दोरी धरावी तसा. थोड्या वेळानं कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात एक बल्ब असे ते वर आले. बल्ब कानाशी नेऊन हलवला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"कोणी फेकला जी हा?"

"कचरा ज्याचा त्याला परत देण्याची पद्धत नाही आमच्याकडे," मी म्हणालो.

"कचरा नाही ना जी. जिवंत आहे हा."

नागपूरकडचा माणूस. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, बायको वारलेली, मुलगी खराडीला कंपनीत म्हणून इकडे आलेला. त्यांनी तो बल्ब वॉचमनच्या खोलीत लावला आणि भिंतीवरचं बटण पाच वेळा बंद-चालू केलं. बल्ब फडफड डोळे मिचकावायला लागला. ते म्हणाले, बघा, मागचं सगळं विसरला, दुकानातून आल्यासारखा कोरा झाला. आता जो पहिली हाक मारेल तो याचा मालक. मी घड्याळात बघितलं आणि काहीतरी काम आठवल्यासारखं करून निघालो. समोरचा बोलत असताना घड्याळात बघायची मला सवयच आहे. त्या दिवशीची सवय मला पुढे फार जड गेली.

हे बल्ब मोबाइलवर चालणारे. आमच्या इमारतीतली खराडीला जाणारी मंडळी ते हौसेनं आणतात, मग इंटरनेटची कंपनी बदलतात. नव्या वायफायची आणि बल्बची ओळख करून द्यावी लागते, ती कुणी देत नाही. बल्ब मोबाइलचं ऐकेनासा झाला की खराब झाला, टाका पिंपात. भिंतीवरच्या बटणानं लावून बघावा हे त्यांना सुचत नाही, कारण भिंतीवर बटण असतं हेच ती विसरून गेलेली असतात. तीनशे तीननी पहिल्या महिन्यात पिंपातून असे जिवंत बल्ब इतके काढले की इमारत विमानातून रात्रीच्या सामन्याचे दिवे लावलेल्या सणस मैदानासारखी दिसायला लागली.

खरोखर मेलेले असत त्यांचा थाट वेगळा. रविवारी सकाळी अकरा वाजता त्यांच्याकडे बाह्यरुग्ण विभाग उघडे. बल्ब घेऊन गेलं की ते एक चिठ्ठी काढत आणि गंभीर चेहऱ्यानं विचारून भरत. कुणाच्या घरचा, किती दिवस जगला, मरणाचं कारण. आणि कारणाच्या आधी एक प्रश्न असे: शेवटी काय म्हणाला? म्हणजे जाण्यापूर्वी थरथरला, निळा पडला, की गप्पकन गेला. चारशे दोनमधलं जोडपं यावरून त्यांच्यासमोर भांडलं. ती म्हणाली जेवताना एकदम गेला, तो म्हणाला तुझ्या आईचा फोन आला तेव्हा गेला. तीनशे तीननी दोन्ही लिहून घेतलं.

मग मुलीचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन बल्बची मान शेकायची, पांढरी टोपी हळूच पिळून काढायची. आत डाळीच्या दाण्यांएवढे पिवळे ठिपके गोल मांडलेले. त्यातल्या एकावर काळा डाग दिसला की तो गुन्हेगार. एक गेला की सगळी ओळ बंद. त्याला वळसा घालून तार जोडली की बाकीचे उजळत. तेही जमलं नाही तर आतली नखाएवढी हिरवी पट्टी सोडवून घ्यायची. वायफायशी बोलणारं डोकं ते हेच. ते नेहमी म्हणत, "दिवा मेला जी, डोकं कुठे मेलं?" अशी डोकी त्यांच्याकडे बिस्किटांच्या डब्यात ओळीनं ठेवलेली असत. एक डोकं त्यांनी गच्चीवरच्या टाकीला लावलं. टाकी भरली की खाली वॉचमनच्या खोलीतला दिवा हिरवा होई. त्याआधी टाकी भरली की जिन्यातून असा धबधबा येई की खालच्या गल्लीतली माणसं बघायला यायची. तीही करमणूक गेली. बल्बच्या टोप्यासुद्धा वाया जात नसत. पोहे टोपीत दाबून बशीत पालथे घालत, वर कोथिंबीर. "धुतलेली आहे जी," एवढं न विसरता सांगत. पोहे चांगले असत. बुद्धपौर्णिमेची त्यांच्याकडची खीर तर इतकी चांगली होती की मी रागानं तीन वाट्या खाल्ल्या.

माझ्या चोवीस चहांचे अकरा झाले, अकराचे चार. पुढे एकच राहिला, माझ्याच घरचा, आणि त्यातही साखर बेताची.

अजून एक खोड सांगायची राहिली. त्यांच्या टेबलावर वाकड्या मानेचा एक दिवा होता, त्यात असाच उठवलेला बल्ब. समोर कुणी येऊन बसलं की ते तो दिवा ओढून स्वतःच्या तोंडावर घेत. भरदुपारी सुद्धा. पोलीस समोरच्याच्या तोंडावर दिवा मारतात, हे आपल्याच तोंडावर मारून कबुलीजबाब दिल्यासारखे बोलत. इमारतीत यावर बरेच तर्क झाले. मी सगळीकडे सांगितलं की गृहस्थ स्वतःच्या रूपावर खूश आहेत. रूप म्हणाल तर गालाला खळगे आणि भुवया शेवयांसारख्या.

इथवरचं जळणं मी सहन केलं असतं. दबदबा येतो, जातो. पण मग नीला मध्ये आली.

नीला म्हणजे माझी बायको. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं तिनं, शेवटच्या बाकावरची कुजबुज फळ्याकडे तोंड करून ऐकायची. निवृत्त झाल्यावर तिचे कान हळूहळू कमी होत गेले. कानातलं यंत्र आणलं. ते शिट्ट्या मारतं म्हणून तिनं कपाटात ठेवलं. आमचं घर दोनच बोलण्यांवर चालायला लागलं. मी काही म्हणालो की ती विचारी, "काय?" आणि मी म्हणे, "काही नाही, जाऊ दे." परत सांगायचा कंटाळा. बरं, सांगण्यासारखं असतं काय, आज दूध पातळ आहे, एकशे चारचा पाय बरा झाला. पण चाळीस वर्षांचा संसार असल्याच गोष्टींवर उभा असतो, हे ती बंद पडल्यावर कळतं. ती गप्प व्हायला लागली. हसणं तर कॅलेंडरसारखं कुठल्या कुठे गेलं.

मी दुरुस्तीवाला. मी बेलला हात घातला. कारण बेल तिला ऐकू येत नसे, आणि भाजीच्या पिशव्या घेऊन मी जिन्यात उभा राही. आधी चिमणीची बेल काढून देवळातल्या घंटेची लावली. मग दोन घंटा. शेवटी जुन्या बाजारातून एका बंद पडलेल्या कारखान्याचा भोंगा आणला. तो वाजवला त्या दिवशी इमारतीतली कबुतरं उठून कात्रजच्या दिशेनं गेली ती अजून आलेली नाहीत. सिंहगड रस्त्यावर गाड्यांनी रुग्णवाहिका समजून बाजू दिली. चोवीस घरांतली माणसं जिन्यात जमा झाली. तेवढ्यात नीला सहज दार उघडून बाहेर आली आणि मला म्हणाली, "अहो, तुम्ही काही म्हणालात का?"

सगळे हसले. ती नाही हसली. आत जाऊन पाठ करून भांडी पुसत बसली. मी दारातून काहीतरी बोललो, तिनं वळून "काय?" केलं, आणि मी म्हणालो, काही नाही, जाऊ दे.

पुढच्या गुरुवारी मी भाजी घेऊन आलो, बेलचं बटण दाबलं, आणि बोट काढायच्या आत दार उघडलं. नीला दारात, तोंडभर हसत. "गुलाबी झाला," ती म्हणाली. ओट्यावरच्या होल्डरमध्ये एक बल्ब होता, चिठ्ठीसकट. मी गेल्यावर ती स्वतः तीनशे तीनकडे गेली होती. त्यांनी एका मेलेल्या बल्बाचं डोकं माझ्याच बेलच्या डब्यात बसवलं होतं, आणि एका अर्धमेल्याला ओट्यावर टांगलं होतं. बटण दाबलं की तो तीनदा गुलाबी व्हायचा. मी दोन घंटा आणि एक भोंगा लावून जे जमवू शकलो नाही, ते त्या माणसानं आवाजाला हातही न लावता केलं होतं.

मी बटण पुन्हा दाबून बघितलं. मग म्हणालो, गुलाबी जरा भडक आहे.

त्यानंतर नीला रोज दुपारी चार वाजता वर जायला लागली. बल्ब उघडायला. पहिल्या आठवड्यात ड्रायर धरायला शिकली, दुसऱ्यात डाग असलेला ठिपका ओळखायला, आणि महिन्यात सोल्डरिंग. माझ्या घरात तीस वर्षं सोल्डरिंगचा धूर होता, आणि मी तिला त्या आयर्नला कधी हात लावू दिला नव्हता. भाजेल, म्हणायचो. आता ती खाली येऊन सांगे की दादा म्हणतात माझा हात तुमच्यापेक्षा हलका आहे. ती त्यांना दादा म्हणे, ते तिला वहिनी. एवढ्या गोष्टी घेऊन येई ती वरून. त्यांचं लहानपण, टेलिफोनच्या तारा चोरून नेणारी माकडं, लग्नात हरवलेला नवरदेव. हे सगळं तिनं ऐकलेलं असे, माझं 'दूध उतू जातंय' न ऐकणाऱ्या बाईनं. मी एकदा चिडून विचारलं, त्यांचं बरं ऐकू येतं तुला. ती पाठमोरी होती. म्हणाली, "काय?"

मग मी ठरवलं की आपणही एक बल्ब उठवायचा. रविवारी, सगळ्यांसमोर, तिच्यासमोर.

पिंपातून एक मेलेला आणला. त्याची मान मी ड्रायरनं शेकणार होतो, पण ड्रायर नव्हता म्हणून हातोडी घेतली. टोपी खिडकीतून गेली ती थेट समोरच्या इमारतीतल्या कुणाच्या तरी वरणात पडली असं म्हणतात, आणि त्या नखाएवढ्या डोक्याचे चार तुकडे झाले. तेव्हा मी रस्त्यावरच्या दुकानात जाऊन त्याच जातीचा कोरा बल्ब आणला. पॉलिश पेपरनं घासला, तव्याची काजळी चोळली, मानेवर दोन ओरखडे काढले. खोकं तांदळाच्या डब्यामागे लपवलं. चाळीस वर्षांत मी नीलाला फसवलेलं नाही, याची मला त्या दिवशी पहिल्यांदा आठवण झाली, आणि मी ती लगेच बाजूला सारली.

रविवारी अकराला मी तो बल्ब त्यांच्या टेबलावर ठेवला. सात-आठ माणसं होती. म्हणालो, मेलेला होता, बघा जरा. आवाजात शक्य तेवढा साधेपणा ठेवला. त्यांनी तो होल्डरमध्ये लावला.

बल्ब फडफड डोळे मिचकावायला लागला.

कोरा बल्ब पहिल्यांदा लावला की असाच करतो, मालक शोधतो. हे त्यांनी मला वॉचमनच्या खोलीत सांगितलं होतं, तेव्हा मी घड्याळात बघत होतो. चारशे पाचमधला कंपनीतला मुलगा पुढे वाकून म्हणाला, "काका, हा तर एकदम ब्रँड न्यूसारखा ब्लिंक करतोय."

तीनशे तीननी बल्बकडे बघितलं, त्या काजळीकडे बघितलं, बोटाला लागलेली काजळी अंगठ्यानं चोळली. मग नीलाकडे बघितलं. दिवा आपल्या तोंडावर ओढला आणि सावकाश म्हणाले,

"मेलेल्याला उठवणं मले येते. पण उठवून, वर त्याचं मागचं सगळं विसरवून आणला भाऊनं. हे मले नसतं जमलं जी."

लोकांनी माना डोलावल्या. एकशे दोन तर म्हणाले की पंख्याच्या वेळीच त्यांनी ओळखलं होतं. नीला माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर काय होतं ते मला वाचता येईना. तीनशे तीननी रीतीप्रमाणे चिठ्ठी भरली, दुमडली आणि माझ्या खिशात घातली. जिन्यात उघडून वाचली. घर: दोनशे तीन. किती दिवस जगला: रेघ. मरणाचं कारण: रेघ. आणि 'शेवटी काय म्हणाला' यापुढे त्यांच्या टेलिफोन खात्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'अजून काहीच बोललेला नाही.'

मला वाचवल्याबद्दल मी त्यांना कधी माफ केलं नाही. उघडं पाडलं असतं तर भांडता आलं असतं. भांडणात मी चांगला आहे.

वर्षभरानं मुलीची बदली बंगळुरूला झाली आणि ते तिच्याबरोबर गेले. जाताना सगळं वाटून टाकलं. डोक्यांचा बिस्किटांचा डबा आणि सोल्डरिंग आयर्न नीलाला. वाकड्या मानेचा दिवा मला. टेम्पोत बसताना म्हणाले, "मानेचा स्क्रू कसू नका जी, भाऊ. ढिलाच बरा आहे."

मी तो दिवा वर्तमानपत्र वाचायला टेबलावर ठेवला. स्क्रू अर्थातच कसणार होतो. ज्यानं तीस वर्षं स्क्रू कसले त्याला स्क्रूबद्दल कुणी सांगावं हे मला आवडलं नव्हतं. पण स्क्रूड्रायव्हर सापडत नव्हता, आणि मी दिवा कागदावर वळवला की त्याची मान हळूहळू फिरून माझ्या तोंडावर येई. आठ दिवस आमची झटापट चालली. नीला पुन्हा गप्प झाली होती. चार वाजले की जिन्याकडे बघे आणि मग समोरच्या खुर्चीत तांदूळ निवडत बसे, निवडलेलेच परत.

अशाच एका चार वाजता दिवा नवव्यांदा माझ्या डोळ्यांवर आला. मी स्वतःशीच पुटपुटलो, "मेला सारखा माझ्याच तोंडावर येतो."

"मग येऊ दे की," नीला म्हणाली.

तिनं मान वर केली होती. 'काय?' म्हणाली नव्हती. मग आणखी हळू, जवळजवळ आवाज न करता, विचारलं की चहा टाकतेस का.

"आत्ता तर झाला. आणि असं कुजबुजताय काय, घरात कोण झोपलंय?"

मग तिनं सांगितलं. त्यांच्या आईला ऐकू येत नसे. संध्याकाळी ती चुलीपुढे बसली की हे पलीकडून जाळाच्या उजेडात तोंड धरत आणि दिवसभराचं सांगत. तिला ओठ दिसत. तेव्हापासून बोलायचं म्हटलं की उजेड आपल्या तोंडावर, ही सवय. रोज वर तिला सगळं समजे ते त्यामुळे. आणि मी चाळीस वर्षं न्हाणीघरातून, गॅलरीतून, वर्तमानपत्रामागून बोलत होतो.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगायला तुम्ही समोर कधी होतात?"

यावर घड्याळात बघायची सोय नव्हती. दिवा डोळ्यांवर होता. मी म्हणालो, "नीला, तो रविवारचा बल्ब मी विकत आणला होता."

"माहितीये."

"त्यांनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतील? खोकं मीच टाकलं पिंपात. तांदळाच्या डब्यामागे ठेवलं होतंत. चाळीस वर्षांत तुम्ही त्या डब्याला हात लावलेला नाही, म्हणून तिथे कोण बघणार असं वाटलं असेल."

"मग तेव्हा काही बोलली का नाहीस?"

तिनं परातीतला एक दाणा उचलला, उजेडात धरून बघितला, पुन्हा टाकला.

"बोलणार होते," ती म्हणाली. "मग म्हटलं, काही नाही, जाऊ दे."

स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या दिवशी सापडला. तो मी परत जिथे होता तिथे ठेवला. आता चार वाजता आम्ही दोघं त्या टेबलाशी बसतो, मी आंधळ्यासारखा उजेडात आणि ती समोर, आणि पाच-साडेपाचपर्यंत बोलतो. एकशे चारचा पाय, दूध, सगळं. पण त्यातलं निम्मं बोलणं अजूनही तीनशे तीनबद्दलच असतं, आणि ते मला मुळीच आवडत नाही.